पोर्ट्रेट मोड, आईचा मोगरा आणि मामांचं कपाशीचं पान

आजचा भाग कॅमेऱ्याबद्दल आहे, पण कुठला फोन घ्यावा हे मी सांगणार नाहीये. तुमच्या खिशात आहे तोच पुरे. जमत असेल तर ऐकता ऐकता एखाद्या कुंडीजवळ जाऊन बसा, कारण मधे मधे मी तुम्हाला फोन पुढे-मागे करायला लावणार आहे. आकडे कानाने ऐकताना सटकतात, म्हणून इथे लिहिताना ते जरा सावकाश मांडलेत.

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन प्रकारचे फोटो येतात. आई यवतमाळच्या घरामागच्या परसबागेतले टाकते: जास्वंद, मोगरा, कुंडीतल्या झाडाला लागलेलं पहिलं लिंबू. फूल स्पष्ट आणि मागचं सगळं मऊ धूसर. त्यावर धडाधड अंगठे येतात. दुसरे फोटो मामांचे. त्यांची शेती कळंब तालुक्यात, कपाशी आणि तूर. कपाशीच्या पानाचा फोटो टाकतात आणि खाली विचारतात, "हे काय पडलं बापा?" त्या फोटोतही मागचं सगळं मऊ धूसर असतं, फक्त त्यात अर्धं पानही धूसर असतं. त्यावर अंगठे येत नाहीत, सल्ले येतात, आणि प्रत्येकाचा वेगळा. एक जण मावा म्हणतो, एक जण तुडतुडे म्हणतो, तिसरा थेट औषधाच्या डब्याचा फोटो टाकतो.

मागे मामांनी मला फोनच केला. "काऊन रे, तुया इंजिनियरिंगमंधी फोटो काढणं शिकवत नाई का?" बीटेकला शिकवत नाहीत खरं. पण बारावीच्या भिंगाच्या सूत्रात हे सगळं आहे, म्हणून सुट्टीत घरी गेलो तेव्हा दोन दिवस परसबागेत पट्टी आणि अगरबत्तीच्या काड्या घेऊन बसलो. आजचा भाग त्यातून निघालाय.

आईच्या फोटोत जे आवडतं आणि मामांच्या फोटोत जे नडतं ते एकच आहे: डेप्थ ऑफ फील्ड. मराठीत मी त्याला फोकसची खोली म्हणेन. भिंग काटेकोरपणे बघितलं तर एकाच अंतरावरची वस्तू नेमकी टिपतं. त्या अंतरावरचा एक बिंदू सेन्सरवर बिंदूच उमटतो. त्याच्या पुढचा किंवा मागचा बिंदू छोट्या गोल ठिपक्यासारखा उमटतो, आणि जितकं लांब जाल तितका ठिपका मोठा. ठिपका अगदी बारीक असेल तोवर डोळा त्याला बिंदूच समजतो. डोळा असा फसतो ती पुढची-मागची हद्द म्हणजे फोकसची खोली. ही हद्द रेघ मारल्यासारखी नसते, हळूहळू विरते.

ही खोली तीन गोष्टींवर ठरते: भिंगाची फोकल लेंग्थ, अ‍ॅपर्चर म्हणजे उजेड आत येण्याचं भोक, आणि वस्तूचं अंतर. मोठ्या कॅमेऱ्यात तिन्ही तुमच्या हातात असतात. ५० मिलिमीटरचं साधं भिंग एफ १.८ वर ठेवलं तर त्याचं भोक जवळजवळ दहा रुपयाच्या नाण्याएवढं असतं. त्याने ४५ सेंटिमीटरवरून मोगरा काढला तर खोली एक सेंटिमीटरच्या आत. तेच भोक एफ १६ पर्यंत बारीक केलं की खोली सात सेंटिमीटरच्या आसपास जाते. म्हणून कॅमेरावाले सारखे एफचे आकडे बोलत असतात. १९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या काही फोटोग्राफरांनी, त्यात अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि एडवर्ड वेस्टन होते, आपल्या गटाचं नावच 'एफ ६४' ठेवलं. तेव्हाच्या मोठ्या कॅमेऱ्यांवर एफ ६४ म्हणजे सगळ्यात बारीक भोकांपैकी एक, म्हणजे जवळपासून लांबपर्यंत सगळं लख्ख. याच वेस्टनने १९३० मध्ये एका ढोबळ्या मिरचीचा फोटो काढला. ती पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली होती, आणि त्या फोटोत मिरचीची एकूण एक घडी दिसते. फोटोचं इंग्रजी नाव 'पेपर नंबर ३०'. मराठी माणसाला ते परीक्षेच्या पेपरासारखं वाटतं, पण तो मिरचीचाच पेपर आहे.

आता आपला फोन. माझ्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंग्थ ४.८ मिलिमीटर आहे आणि अ‍ॅपर्चर एफ १.८. भागाकार करा: भोक २.७ मिलिमीटर, म्हणजे मोहरी आणि ज्वारीच्या दाण्याच्या मधलं काहीतरी. आणि हे भोक लहान-मोठं होत नाही. मोजके अपवाद सोडले, जसा २०१८ मधला सॅमसंगचा एस ९, तर बहुतेक फोनचं अ‍ॅपर्चर कारखान्यातून येतं तेच कायम राहतं. फोकल लेंग्थही ठरलेली. तीनपैकी दोन चाव्या कारखान्याने घट्ट आवळून दिल्या, तुमच्या हातात उरली एकच: अंतर.

मी सूत्र पायथॉनमध्ये चार ओळीत टाकलं आणि मग परसबागेत तपासलं. पद्धत सोपी आहे. कुंडीच्या मातीत अगरबत्तीच्या विझलेल्या काड्या एकामागे एक, एकेक सेंटिमीटरवर खोचा, थोड्या तिरक्या रांगेत म्हणजे एकमेकींना झाकणार नाहीत. मधल्या काडीवर बोट टेकवून फोकस करा आणि फोटोत किती काड्या स्पष्ट येतात ते मोजा. माझ्या फोनसाठी गणित असं येतं. १० सेंटिमीटरवरून काढलात तर खोली साधारण ८ मिलिमीटर. २० वरून ३.३ सेंटिमीटर. ४० वरून साडेतेरा. एक मीटरवरून खोलीही जवळजवळ एक मीटरची. आणि २.४ मीटरवर फोकस केला तर सव्वा मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट. काड्यांनी थोड्याफार फरकाने हेच सांगितलं. तुमच्या फोनचे आकडे वेगळे असतील, पण चाल हीच. जवळच्या अंतरात एक गोष्ट पाठच करून टाका: अंतर निम्मं केलं की खोली पाव होते.

म्हणूनच फोनने अंगणाचा फोटो काढला की तुळशीवृंदावनापासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत सगळं सारखंच स्पष्ट येतं आणि फोटो सपाट वाटतो. आणि म्हणूनच मामा पानाला नाक लावल्यासारखा फोन लावतात तेव्हा खोली बोटभरही उरत नाही. जवळ गेलं की जास्त दिसेल असं आपल्याला वाटतं. वस्तू मोठी दिसते हे खरं, पण तिचा स्पष्ट भाग पातळ होत जातो.

मग आईचे फोटो? ते पोर्ट्रेट मोडमधले. २०१६ मध्ये आयफोन ७ प्लसने दोन भिंगं वापरून हा प्रकार लोकप्रिय केला. दोन डोळ्यांनी आपल्याला अंतर कळतं तसं दोन भिंगांच्या चित्रांतल्या किंचित फरकावरून फोन अंतराचा अंदाज बांधतो. २०१७ मध्ये गूगलच्या पिक्सेल २ ने हे मागच्या एकाच कॅमेऱ्यात केलं. त्या सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल दोन भागांत वाटलेला असतो, एक भाग भिंगाच्या डाव्या बाजूने बघतो, दुसरा उजव्या. त्या दोन नजरांमधलं अंतर जेमतेम एक मिलिमीटर. तेवढ्यावर सॉफ्टवेअर नकाशा बनवतं, हे पुढे, ते मागे, आणि जे मागे वाटतं ते हिशोबाने धूसर करतं. स्क्रीनवर एफ १.४ ते एफ १६ अशी पट्टी सरकवता नं, त्याने कुठलंही भोक हलत नाही. ती किती पुसायचं याची पट्टी आहे.

माझ्या कामाच्या नजरेने मला या करामतीचं कौतुक आहे, खोटं कशाला बोलू. माणसाच्या चेहऱ्यावर ती छान चालते, कारण ती मुख्यतः त्यासाठीच शिकवलेली असते. बागेत मात्र तिची परीक्षा होते. शेवग्याची बारीक पानं घ्या, त्यांच्यामधल्या फटींतून आभाळ दिसतं. पोर्ट्रेट मोड कधी फटी तशाच सोडतो, कधी पानंच पुसतो. तुळशीच्या मंजिऱ्या अर्ध्या उडतात. दोडक्याच्या वेलाचा तणावा, तो स्प्रिंगसारखा वळलेला असतो, मधेच नाहीसा होऊन पुढे परत उगवतो. आणि पानाच्या कडेला बसलेला पिठ्या ढेकूण? पांढरा कापसासारखा ठिपका, कडेबाहेर आलेला. सॉफ्टवेअरच्या लेखी तो मागच्या भिंतीचा तुकडा असू शकतो. गेला.

आईच्या लिंबाच्या झाडावर एक गंमत दिसली. लिंबावर आणि कढीपत्त्यावर एका फुलपाखराची अळी येते. लहान असताना ती काळपट-पांढरी असते, हुबेहूब पाखराची विष्ठा पडल्यासारखी, म्हणजे खाणाऱ्याला ती खावीशी वाटू नये. मोठी झाली की हिरवी होते. पोर्ट्रेट मोडच्या फोटोत ती सगळ्यांना विष्ठाच वाटली. साध्या मोडमध्ये २० सेंटिमीटरवरून काढली तेव्हा तिचे पाय दिसले.

खरी धूसर पार्श्वभूमी हवी असेल तर फोन ती देतो, फक्त कष्ट तुम्ही घ्यायचे. फुलाच्या जवळ जा, १५ सेंटिमीटरपर्यंत, आणि मागची गोष्ट लांब ठेवा. कुंडी भिंतीला टेकलेली असेल तर भिंत धूसर कशी होणार? कुंडी दोन-तीन फूट पुढे ओढा. आमच्याकडे मोगऱ्याची कुंडी ओढायला दोन माणसं लागली, पण फोटो पोर्ट्रेट मोडपेक्षा सुरेख आला आणि एकही पाकळी कापली गेली नाही. फोनमध्ये दोन पट किंवा तीन पटीचं वेगळं भिंग असेल तर ते वापरून बघा, त्याने पार्श्वभूमी आणखी मऊ होते. फक्त ते फार जवळ फोकस करत नाही. अशा वेळी फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्यावर उडी मारतो आणि चित्र कापून देतो.

हे झालं शोभेचं. आता मामांच्या पानाकडे येतो, कारण तिथे फोटोवरून खर्च ठरतो, फवारणी ठरते.

यवतमाळकरांना २०१७ वेगळं सांगायला नको. त्या हंगामात जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन किमान वीस शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीनेही विदर्भातली कपाशी खाल्ली. कारणं बरीच होती: औषधांची मिश्रणं, अंगावर संरक्षक कपडे नसणं, डोक्याएवढी वाढलेली कपाशी. चांगल्या फोटोने ते टळलं असतं असं म्हणणं हा आगाऊपणा होईल. पण फवारायचं की नाही हा प्रश्न दर हंगामात येतो, आणि आता त्याचं उत्तर बरेच जण फोटो पाठवून मागतात. उत्तर देणारा माणूस कृषी विज्ञान केंद्रात बसलेला असो की शेजारच्या गावचा जाणता शेतकरी, त्याच्यापुढे तुमच्या फोटोत जेवढं उतरलंय तेवढंच असतं.

आणि त्याला बहुतेकदा मोजायचं असतं. तुडतुड्यांसाठी सल्ला असतो की पानामागे सरासरी दोन-तीन दिसायला लागले तर औषधाचा विचार करा, त्याआधी नको. बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ पतंग. म्हणजे 'कीड आहे' एवढं पुरत नाही, किती आहे ते लागतं. तुडतुडा सुमारे तीन मिलिमीटरचा. फुलकिडा एक मिलिमीटरचा. दोन्ही पानाच्या खालच्या बाजूला. मोजायचं तर अख्खं पान एकाच फोटोत, कडेपासून कडेपर्यंत स्पष्ट हवं. अर्धं पान धूसर असेल तर तिथले तुडतुडे मोजणीतून गळतात, आणि दिसत नाहीत म्हणून नाहीत असं वाटतं. किंवा उलट, धुळीचा कण धूसर होऊन फुगतो आणि कीड वाटतो.

हिशोब करू. कपाशीचं पान दहा-बारा सेंटिमीटर रुंद, आणि सपाट नसतं, त्याला दोन-तीन सेंटिमीटरची उंच-सखल असते. २० सेंटिमीटरवरून खोली ३.३ मिळते, म्हणजे बसायला हवं. पण यात एक खोच आहे, ती मला काड्यांच्या प्रयोगात कळली. वरचे सगळे आकडे पूर्ण फोटो स्क्रीनवर बघणाऱ्या डोळ्यासाठी आहेत. समोरचा माणूस फोटो चिमटीने मोठा करून तुडतुडा शोधणार. मोठा केला की ठिपका बिंदू वाटेनासा होतो, आणि अगदी पिक्सेलपर्यंत गेलं तर खोली साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते. ३.३ चे झाले एक सेंटिमीटर. पान बसलं नाही!

उपाय दोन, आणि दोन्ही फुकट. पहिला, थोडं मागे या. ३० सेंटिमीटरवरून काढा. मोठं करून बघितलं तरी दोन सेंटिमीटरच्या वर खोली उरते. मग फोटो कापून पान मोठं करा. गणितात हे स्वच्छ दिसतं: दुप्पट अंतरावर जाऊन तेवढाच भाग कापून घेतला तर खोली दुप्पट मिळते. किंमत पिक्सेलमध्ये मोजावी लागते, चौपट कमी होतात. चार हजार पिक्सेल रुंदीच्या साध्या फोटोत २० सेंटिमीटरवरून एका मिलिमीटरला सुमारे १४ पिक्सेल येतात, ३० वरून साडेनऊ. म्हणजे तीन मिलिमीटरच्या तुडतुड्याला २८-२९ पिक्सेल, ओळखायला पुरे. फुलकिड्याला मात्र नऊ-दहाच, ते कमी आहेत. फोनमध्ये ५० मेगापिक्सेलचा पर्याय असेल तर तो इथे कामाचा, एरवी मी तो बंदच ठेवतो.

दुसरा उपाय माझ्या मते जास्त मोलाचा, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. फोन पानाला समांतर धरा. फोकसची खोली ही काचेच्या जाड तावासारखी असते, फोनच्या पाठीला समांतर उभी. पान त्या तावात झोपवलं तर सगळं आत बसतं. तिरकं धरलं तर ताव पानाला मधेच कापतो, एक पट्टा स्पष्ट आणि दोन्ही बाजू धूसर. मामांचे जुने फोटो काढून बघितले तर बहुतेकांत हा तिरका पट्टाच होता. आता ते पान हलक्या हाताने उलटून तळहातावर पसरतात, फोन वरून सरळ धरतात. तळहाताने उंच-सखलपणाही कमी होतो, आणि पान वाऱ्याने हलायचं थांबतं. पान धक्क्याने उलटलं तर तुडतुडे तिरके चालत सटकतात, म्हणून सावकाश. फवारलेल्या शेतात हे उघड्या हाताने करायचं नाही, हातमोजा हवाच.

डोमकळीचं वेगळं आहे. बोंडअळी लागलेलं ते फूल उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहतं. ते गोल असल्यामुळे समांतर धरण्याचा उपयोग मर्यादित. ३० ते ४० सेंटिमीटरवरून एक आख्ख्या फुलाचा, मग पाकळ्या उघडून आतल्या अळीचा जवळून दुसरा.

आपोआप चालू होणाऱ्या मॅक्रो मोडबद्दल दोन शब्द. बऱ्याच महागड्या फोनमध्ये जवळ गेलं की फोन स्वतःच अल्ट्रावाइड भिंगावर जातो. २०२१ च्या आयफोन १३ प्रोपासून दोन सेंटिमीटरपर्यंत फोकस होतो. किडा प्रचंड दिसतो, पण एवढ्या जवळ फोनचीच सावली पानावर पडते. एका किड्याची ओळख पटवायला उत्तम, मोजायला निरुपयोगी. स्वस्त फोनमधला दोन मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा मी तरी वापरत नाही. त्यापेक्षा मुख्य कॅमेरा आणि कात्री.

उन्हाचं आपल्याकडे काय सांगायचं. भर दुपारी पानावर चकाकी येते आणि तीत बारीक काही दिसत नाही. सकाळी काढा, नाहीतर दुसऱ्याला छत्री धरायला सांगा. आणि पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा. साधा पाठवला तर तो बारीक करून जातो. समजा चार हजारांचे सोळाशे पिक्सेल झाले, तर आपण कष्टाने मिळवलेले २८ पिक्सेल अकरावर आले.

मामांनी परवा तीन फोटो पाठवले: अख्खं झाड, पानाची वरची बाजू, आणि तळहातावरची खालची बाजू, शेजारी एक रुपयाचं नाणं. तिन्ही साध्या मोडमध्ये. मी मोठा करून मोजले, एका पानामागे एकच तुडतुडा. मग मी त्यांना अजून नऊ झाडांची पानं मागितली, सरासरी एका पानावर निघत नाही म्हणून. त्यावर त्यांचं उत्तर आलं, "तूच ये नं मग वावरात."

तुमच्या फोनच्या काड्या किती स्पष्ट आल्या ते कळवा. सोबत अंतर आणि फोनचं मॉडेल लिहा, पुढच्या भागात मी सगळ्यांचे आकडे एकत्र मांडतो.